स्लीप क्लिनिकनं फसवलं, की अर्ध्यावर सोडलं?

प्रिय ताई,
आम्ही पेडणे तालुक्यातले. यजमानांचं वय ५१. स्वतःची टॅक्सी आहे, मोपा विमानतळाची रात्रीची भाडी जास्त. ते पूर्वीपासून घोरतात, पण गेली दोन-तीन वर्षं मध्येच श्वास थांबतो, घर एकदम शांत होतं आणि मग गुदमरल्यासारखे दचकून श्वास घेतात. मी जागीच असते. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत तरी बीपी उतरत नाही. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात. आमच्या डॉक्टरांनी पाठवलं म्हणून एका खासगी स्लीप क्लिनिकात रात्रभराची तपासणी केली. रिपोर्टात एएचआय ४२ आणि ऑक्सिजन ७१ पर्यंत उतरल्याचं आहे. दुसऱ्याच दिवशी तिथूनच ५८ हजारांचं सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं) घ्यायला लावलं. पतसंस्थेचं कर्ज काढलं. खुर्चीवर बसवून मास्क लावून दाखवला, दहा मिनिटांत आम्ही बाहेर. घरी हवा डोळ्यांत जाते, तोंड कोरडं पडतं, जीव घाबरतो. वीज गेली तर गुदमरेन म्हणतात. थोड्या दिवसांत मशीन कपाटावर गेलं. क्लिनिकला फोन केला तर ‘सवय होईल’ एवढंच उत्तर. आता हे म्हणतात, मी तिथे दोन तासही झोपलो नव्हतो, रिपोर्ट बनावट, सगळा मशीन खपवायचा धंदा. सासरे म्हणतात, घोरतो म्हणजे गाढ झोपतो. गेल्या महिन्यात धारगळजवळ गाडी चालवताना यांचा डोळा लागला. मागे गिऱ्हाईक होतं, थोडक्यात वाचले. आम्हाला फसवलं का? परत तिथेच जायचं की दुसरीकडे? आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगाही तोंड उघडं टाकून घोरतो, त्याचंही सांगा.
– एक वाचक, पेडणे

तुम्ही धारगळचं शेवटी लिहिलंत, पण मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही. स्टिअरिंगवर ज्याचा एकदा डोळा लागला, त्यानं उपचार लागू होईपर्यंत गाडी हातात घेऊ नये. रात्रीची भाडी तर आजपासून बंद. कर्जाचा हप्ता आहे, मुलाचं शिक्षण आहे, हे कळतं मला. म्हणून गाडी उभी करा असं म्हणत नाही. ओळखीचा कुणी बदली ड्रायव्हर बघा, उत्पन्नात वाटा द्या, पण चाकामागे यजमान नकोत. हा काळ फार लांबत नाही. मशीन रोज रात्रभर नीट लागलं तर दिवसाची झापड बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते. डॉक्टरांनी मशीनमधली नोंद बघून हो म्हटलं की पुन्हा गाडी त्यांचीच आहे. यजमान ऐकणार नाहीत असं वाटत असेल तर हे पत्र त्यांच्याच हातात द्या.

आता रिपोर्ट. झोपेत श्वास अडकण्याच्या या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. एएचआय म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा बराच उथळ झाला याचा आकडा. किमान दहा सेकंद टिकलेला अडथळाच मोजतात. पाचच्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. ४२ म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा, रात्रभर. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, आणि शहाळ्यातली भिजलेली कागदी नळी जोरात ओढली की चपटी होऊन चिकटते तसा घशाचा मार्ग चिकटतो. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू झोप मोडून माणसाला दचकवतो आणि श्वास सुरू करतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. तुम्हाला आठवतं, कारण तुम्ही जाग्या होता. तुम्ही अंथरुणात बसून जे बघत आलात तेच त्या कागदावर आकड्यांत उतरलंय. मला तो रिपोर्ट बनावट वाटत नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी तर त्याच्या बाजूनं साक्ष देतात. तीन गोळ्यांना दाद न देणारा बीपी हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. रात्री दर वेळी ऑक्सिजन उतरला की शरीर घाबरून रक्तवाहिन्या आवळतं, आणि तो ताण दिवसाही सुटत नाही. दुसरी गोष्ट लघवीची. पन्नाशीतला पुरुष रात्री चार वेळा उठतो म्हटलं की घरचे प्रोस्टेट नाहीतर साखर धरून चालतात. तीही तपासायला हवीत. पण श्वास अडकलेला असताना छातीत जी ओढ बसते तिनं हृदय ताणलं जातं आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. मशीन जमलेल्या अनेकांकडून मी हेच ऐकलंय की पहिला फरक कळला तो यातच. घोरणं बंद झालं हे बायकोनं सांगितलं, पण ‘रात्री उठलोच नाही’ हे त्यांना स्वतःला कळलं.

‘मी तिथे झोपलोच नाही’ ही तक्रार तपासणी करून आलेला जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि ती खोटी नसते. अनोळखी खोली, डोक्याला चिकट पेस्टनं लावलेल्या वायरी, हनुवटीवर, डोळ्यांच्या कडेला आणि पायांवर तारा, छातीला नि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. वर कॅमेरा, आणि पलीकडच्या खोलीत रात्रभर पडद्याकडे बघणारा टेक्निशियन. कुणी सवयीनं खोबरेल तेल लावून जातो, मग वायरी धरत नाहीत आणि रात्री नऊ वाजता डोकं धुवायची पाळी येते. अशा थाटात घरच्यासारखी झोप कशी लागणार? पण त्या वायरी मेंदूच्या लहरी मोजतात. माणूस कधी झोपला आणि कधी जागा होता हे मिनिटामिनिटाला नोंदलं जातं, आणि एएचआय काढताना फक्त झोपेचा वेळ धरतात. रिपोर्टात ‘टोटल स्लीप टाइम’ अशी ओळ असेल, ती यजमानांना दाखवा. आपल्याला वाटते त्यापेक्षा ती झोप बऱ्याचदा जास्त निघते. शिवाय कमी आणि तुटक झोपेत आजार असतो त्याहून हलका दिसण्याचीच शक्यता जास्त, कारण श्वास सर्वांत जास्त अडकतो तो स्वप्नांच्या झोपेत, आणि परक्या जागी तीच कमी लागते. घरी चांगले झोपले असते तर आकडा याहून वर गेला असता, असंही असेल.

सासऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडे घोरणारा माणूस म्हणजे कष्ट करून सुखानं झोपलेला माणूस, हीच समजूत. त्यात गोव्याची दुपार. जेवून एक ते चार दुकानंसुद्धा बंद असतात, तेव्हा दुपारी आडवा झालेला माणूस आजारी आहे असं कोण म्हणेल? एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची झापड मोजायची प्रश्नावली आहे, १९९१ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, दहाच्या वर बेरीज गेली की तपासणी हवी. त्यातला एक प्रश्न दुपारी आडवं पडल्यावर झोप लागते का असा आहे. तिथे अख्खा गोवा तीन गुण मिळवेल. पण शेवटचा प्रश्न असा, की गाडीत असताना वाहतुकीत काही मिनिटं थांबावं लागलं तर डोळा लागतो का? सासऱ्यांना त्याचं उत्तर विचारा. दुपारच्या झोपेनंतर माणूस ताजा उठतो. तुमचे यजमान दुपारी झोपूनही जड डोक्यानं उठत असतील आणि सकाळी दहाला पुन्हा पेंगत असतील, तर ती सुखाची झोप नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की निदानात फसवणूक दिसत नाही, पण त्या क्लिनिकनं तुम्हाला अर्ध्यावर सोडलं, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. स्लीप क्लिनिकांबद्दल माझ्याकडे जी पत्रं येतात त्यांत इमारत, मशीनची कंपनी, डॉक्टरांचं नाव यांवरून सुखी आणि दुःखी असे गट पडत नाहीत. ज्यांना पहिल्या आठवड्यात कुणीतरी फोन करून ‘काल किती तास लागलं? कुठे टोचतंय?’ असं विचारलं, त्यांचं मशीन आजही उशाशी आहे. ज्यांना ‘सवय होईल’ म्हणून वाटेला लावलं, त्यांची मशीनं कपाटावर आहेत. सीपॅपची सवय पहिल्या काही रात्रींतच लागते किंवा मोडते. म्हणजे मदतीची गरज नेमकी तेव्हाच, आणि तेव्हाच तुमचा फोन झटकला गेला. जिथे तपासणी तिथेच विक्री असली की रुग्णाला संशय येणारच, त्यात यजमानांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मशीन त्याच दिवशी, त्याच ठिकाणाहून घेण्याची सक्ती नसते. आधी थोडे दिवस भाड्यानं घेऊन बघता येतं का, हेही विचारायचं असतं. पण तुमची खरेदी आता झालेली आहे. त्या ५८ हजारांचं मोल वसूल करायचं तर मशीन खाली काढायला हवं.

यजमानांनी सांगितलेली एकही तक्रार नवलाची नाही आणि एकही उपायाविना नाही. हवा डोळ्यांत जाते म्हणजे मास्क नाकाच्या वरच्या बाजूनं गळतोय. खुर्चीत बसून मास्क बसवला तर असंच होणार, कारण आडवं झाल्यावर गालांची ठेवण बदलते. मास्क अंथरुणावर झोपून, मशीन चालू ठेवून, हवेचा पूर्ण दाब असताना बसवायचा. गळतो म्हणून लोक पट्टे आवळतात आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ घेऊन उठतात. आवळल्यानं सिलिकॉनची कड दबते आणि गळती वाढते. पट्टे थोडे सैल करून, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवला की कड फुगून नीट बसते. रोज सकाळी साध्या साबणानं ती कड धुवा, कारण चेहऱ्याचं तेल लागलं की ती घसरते. दाढी-मिशी असेल तर तेही क्लिनिकला सांगा. नाकपुडीशी टेकणारे छोटे मास्कही मिळतात, मिशीवाल्यांना ते सोपे जातात. मास्क हे चपलेसारखं मापानं घ्यायचं असतं, हे तिथे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

तोंड कोरडं पडतं म्हणजे नाकावाटे आलेली हवा उघड्या तोंडातून निघून जाते. आधी नाक बंद असतं का ते बघा. नाक चोंदलेलं असेल तर मिठाच्या पाण्यानं धुणं किंवा डॉक्टरांनी दिलेला स्प्रे, आणि हाड वाकडं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा सल्ला. तरीही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. मशीनला पाण्याची टाकी असेल तर तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं किंवा नळाचं नको. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली असते. तेव्हा ओलाव्याचं सेटिंग कमी करा, नाहीतर एसीच्या थंडीत नळीत पाणी साचून रात्री गुडगुड आवाज येतो. नळी आणि टाकी रोज कोरडी करायला विसरू नका, आपल्या पावसात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

जीव घाबरतो यामागे मला एक शंका येते. तुमचं मशीन आपोआप दाब बदलणारं असेल आणि त्याच्या दाबाची मर्यादा कारखान्यातून आली तशीच, ४ ते २० वर सोडलेली असेल. चारवर सुरू झालं तर अंगानं भरलेल्या माणसाला हवा पुरतच नाही असं वाटतं आणि तो मास्क ओढून काढतो. रात्रीच्या तपासणीत किंवा नंतर त्यांचा योग्य दाब ठरवला होता का, आणि तो मशीनमध्ये भरला का, हा पहिला प्रश्न विचारा. घरी करायचं ते असं. दिवसा, टीव्ही बघताना, वीसेक मिनिटं मास्क लावून बसायचं. आधी नुसता मास्क, मग मशीन चालू करून, मग दुपारच्या झोपेला. त्या दुपारच्या झोपेचा इथे चांगला उपयोग होतो, आणि मशीनशिवाय ती घ्यायची नाही हेही ठरवून टाका.

विजेची भीती काढून टाका. नाकाचा मास्क असेल तर वीज गेल्यावर माणूस तोंडानं श्वास घेतो. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला झडप असते, हवेचा दाब थांबला की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. कुणी गुदमरत नाही, फार तर जाग येते. घरी इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर चालवा. पाणी गरम करणं बंद ठेवलं तर ते फार वीज खात नाही.

आता परत तिथेच जा. हो, तिथेच, एकदा. पैसे तुम्ही तिथे भरले आहेत आणि पुढची देखभाल हा त्या पैशांतला तुमचा हक्क आहे. मशीन, मास्क, नळी, रिपोर्ट सगळं पिशवीत घालून जा, आणि फोनवर नव्हे तर समोर बसून बोला. मशीनमधल्या नोंदी काढून बघायला सांगा. किती तास लागलं, गळती किती झाली, मशीन लावलेलं असतानाही एएचआय किती राहिला, हे सगळं त्यात साठलेलं असतं. मशीनवर तो आकडा पाचच्या आत यायला हवा. मास्क आडवं झोपवून बसवून मागा, दुसरे आकार लावून बघा, आणि आठवड्यानं व महिन्यानं पुन्हा कोण बघणार त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. तेव्हाही टोलवाटोलवी झाली तर तीच पिशवी घेऊन दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांकडे किंवा गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) श्वसनविकार विभागात जा. रिपोर्ट तुमच्या मालकीचा आहे, मशीनही. सेटिंग कुठल्याही जाणकार डॉक्टरांना बदलता येतं.

मशीनऐवजी दुसरं काही नाही का, हे यजमान विचारतीलच. खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी सौम्य-मध्यम आजाराला चांगली, ४२ ला ती पहिली निवड नव्हे. वजन जास्त असेल तर उतरवल्याचा खरा फायदा होतो. दहा टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव भागानं कमी होतो. वजनाच्या टिर्झेपाटाइड इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या या आजारासाठी मान्यता मिळाली, ते त्यांना योग्य आहे का हे डॉक्टरच ठरवतील. पण वजन उतरायला महिने लागतात, तोवर मशीन हवंच. संध्याकाळचा पेग असेल, उन्हाळ्यात उर्राक असेल, तर ते बंद. दारूनं घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात. झोपेची गोळी तर डॉक्टरांना या रिपोर्टाबद्दल सांगितल्याशिवाय अजिबात नको.

आणि तुम्ही? तुमच्या पत्रातलं ‘मी जागीच असते’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नवऱ्याचा श्वास मोजत बसलेल्या बाईचीही झोप गेलेली असते, तिचाही बीपी वाढतो, तिलाही दुपारी चिडचिड होते, आणि तिच्या नावाचा रिपोर्ट कुणी काढत नाही. मशीनच्या पहिल्या एक-दोन रात्री मास्क बसवायला मदत करा, पण पहारा देऊ नका. नोंद ठेवायला मशीन आहे. गरज वाटली तर काही दिवस दुसऱ्या खोलीत झोपा. याला भांडण समजू नका आणि कुणाला समजू देऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तुमचाही बीपी मोजून घ्या.

मुलाला मात्र थांबवून ठेवू नका. त्याचं यजमानांसारखं नसतं. या वयात बहुधा नाकामागची ॲडिनॉइडची गाठ किंवा टॉन्सिल वाढलेले असतात. मोठी माणसं पेंगतात, मुलं उलट चिडकी आणि चंचल होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि शाळेत त्याला खोडकर ठरवतात. मुलांत तासाला एकाहून जास्त अडथळेही जास्तच धरतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा गोमेकॉत. बऱ्याच मुलांना गाठ आणि टॉन्सिल काढले की आराम पडतो. जाण्याआधी तो झोपला असताना मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. पांघरूण बाजूला, छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असा, आवाजासकट. जाग्या मुलाला तपासून डॉक्टरांना जे दिसत नाही, ते त्यात दिसेल.